गवताची गौर

खारशेत, आगरदांड्याजवळ
२० सप्टेंबर १९५८, गौरीपूजन

चि. सौ. शकूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा पोचलं. गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. विहीणबाईंना आणि जावईबापू रावजीरावांना नमस्कार सांग. श्रीवर्धनला यंदा सुपारी चांगली धरली हे वाचून बरं वाटलं.

तू येत्या बुधवारी निघायचं म्हणतेस. सातवा लागला, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, हे सगळं मला मान्य आहे. पण इतक्यात नको. दिघीहून सुटणारी तरीची होडी या दिवसांत भरवशाची नसते. शिवाय माझं स्वयंपाकघर गळतंय. शिवाय मधल्या खोलीत मी गवताची रोपं ठेवलीयत, त्यांच्या चिखलाचा वास तुला सोसणार नाही. दसरा होऊ दे, मग बघू.

आबांनी तिसरं कारण दिलं की पहिली दोन खोटी समजावीत, असं तू लहानपणी म्हणायचीस. तेव्हा चौथं देत नाही.

गावची बातमी सांगतो. गेल्या वर्षीच्या उधाणात आजूबाजूच्या गावांचे बांध फुटले, खाडी भातात शिरली आणि मी लावलेल्या गवताने आपलाच तेवढा राखला, हे तुला ठाऊक आहे. बायकांनी ते मनात ठेवलं. यंदा गौरीसाठी तेरड्याच्या जुडीत प्रत्येकीने त्या गवताचा एकेक ठोंब बांधलाय. घरोघरी मला बोलावून दाखवला. नीराबाई म्हणाली, "सायेब, ज्यानं भात राखला त्याला न्हाय पुजायचं, तर कुनाला?" माझ्या गवताला हळदकुंकू! अकरा वर्षं शेतकी खात्याची चाकरी केली, पण असं कौतुक कोणी केलं नव्हतं. मला तिथल्या तिथे रडू आलं.

ठोंब कुठून आणले ते मी विचारलं. बांधावरून, म्हणाली. उघाडीजवळचे, सगळ्यांत जुने आणि भरदार. गौर मुळासकट आणायची असते, तशी मुळासकट आणली.

असो. तू दसऱ्यानंतरच ये. रावजीरावांनाही तसं सांग.

तुझे आबा


खारशेत
२२ सप्टेंबर १९५८

चि. शकूस,

आशीर्वाद. आधीचं पत्र तुला मिळालं असेल आणि तू रागावली असशील. राग बरोबर आहे. आता खरं लिहितो.

उघाडीजवळ, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं दार आहे ना, तिथे बांधावर सगळ्यांत जास्त जोर येतो. म्हणून पहिली लावणी मी तिथे केली होती. देवगडपासून उरणपर्यंत खाड्या पालथ्या घालून आणलेल्या गवतांतलं हे एकच खाऱ्या चिखलात टिकलं. गुरं तोंड लावणार नाहीत असं निवडलं. चिंबोऱ्या पोखरणार नाहीत इतकी दाट मुळं असलेलं निवडलं. गुरांचा, खेकड्यांचा, मिठाचा, सगळ्यांचा विचार केला, फक्त गौरीचा केला नाही. आता तिथे खाडीच्या अंगाला भोकंच भोकं पडलीयत. त्यात गवत आलं म्हणून गावाने यंदा वैशाखात बांधावर मातीचा थरही चढवला नव्हता. मीच म्हणालो होतो, आता गरज नाही.

पौर्णिमेला उधाण आहे. आपलं क्वार्टर उघाडीच्या बरोबर मागे आहे. म्हणून तुला येऊ नको म्हटलं.

तुला येऊ नको लिहिलं, पण गावात कोणाला काही बोललो नव्हतो. कसं बोलायचं? ज्यांनी पुजलं त्यांना, तुम्ही माझा बांध उपटलात, असं सणाच्या दिवशी कोणत्या तोंडाने सांगू? काल सकाळी नीराबाई आली. तुझ्यासाठी डिंक आणि अळीव आणून ठेवलेत, पोर कधी येतेय, विचारायला लागली. तुझी आई गेल्यापासून तुझी वेणी तिनेच घातली, तेव्हा बाळंतपणही तीच करणार, हे तिने कधीच ठरवून टाकलंय. मी म्हणालो, दसऱ्यानंतर. का, म्हणाली. मी तरीचं सांगितलं. स्वयंपाकघराचं सांगितलं. मग मला राहवेना, सगळं सांगून टाकलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "गौरीला आमच्या समद्या पोरी माहेराला आल्यात. माझी ठमी आलीय, तिचं पोर दोन महिन्यांचं हाय. तुमच्या शकूला सांगितलंत, येऊ नको. माझ्या ठमीला का न्हाय सांगितलंत, जा म्हनून?"

शकू, तिचं बरोबर होतं.

ती गेली आणि बायकांना घेऊन परत आली. मी म्हणालो, ठोंब होते तिथेच परत लावू या. तर बाकीच्या बायका बिचकल्या. गौर पाण्यात शिरवायची असते, मातीत पुरायची नसते. नीराबाईने विचार केला आणि म्हणाली, "बांधाच्या भायल्या अंगाला रोज भरतीचं पानी चढतंय. ते पानी न्हाय तर काय हाय? गवर माहेराला आली, आता सासरी धाडायची. तिचं सासर बांधावरच हाय." मग काल सगळ्यांनी मिळून बांधावर शिरवणी केली. एकीने ठोंब लावायचा, दुसरीने चिखल भरून टाचेने दाबायचा. गाणीही म्हटली.

पण ठोंबाला मूळ धरायला निदान पंधरवडा लागतो. पौर्णिमा शनिवारी आहे. मी कालपासून पुन्हा पुन्हा जाऊन ठोंब हलवून बघतो आणि मग वाटतं, हलवून आपणच सैल करतोय. जेवण जात नाही. तू येऊ नकोस, हे आता खरं कारण सांगून म्हणतो.

काळजीत असलेले,
तुझे आबा


खारशेत
३० सप्टेंबर १९५८

चि. शकूस,

आशीर्वाद. बांध राहिला. आधी हेच लिहितो.

शनिवारी सकाळीच मी गावाला सांगितलं, लेकरं, म्हातारी, बाळंतिणी सगळ्यांनी टेकडीवरच्या देवळात जायचं. कोणी कुरकुरलं नाही. कोंडाजी तेवढा म्हणाला, "सायेब, गवतावर भरवसा न्हाय व्हय आता?" मी म्हणालो, आहे, पण पोराबाळांना पणाला लावण्याइतका नाही. तो पेंढ्याचा भारा घेऊन बांधावर आला.

उधाण पुढचे दोन दिवसही चढतं होतं. रविवारी दुपारी पाणी बांधाच्या माथ्याला एक वीत कमी राहिलं. उघाडीपाशी आतल्या बाजूने पाझर सुटला. नव्याने लावलेले काही ठोंब माझ्या डोळ्यांदेखत सुटून वाहून गेले. जिथे ठोंब सुटला तिथे बाप्यांनी पेंढा आणि ढेकळं कोंबली, बायकांनी चिखल पुरवला, नीराबाई कंबरभर पाण्यात बांधाला पाठ लावून उभी राहिली. ओहोटी लागेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. गवताने बांध धरला की माणसांनी, हे मला सांगता येत नाही. खात्याला अहवाल पाठवायचा आहे. पहिली ओळ लिहितो आणि फाडतो.

तुझं पत्र आलं. "मी त्याच बांधावर वाढले, मला कशाला घाबरवता," असं लिहिलंस. बाळा, घाबरलेला मी आहे. तुझी आई गेली तेव्हापासून घाबरलेला आहे. गवताच्या कामात ते विसरायला होतं, इतकंच.

अमावास्येला पुन्हा उधाण आहे, पौर्णिमेइतकं नाही, पण आहे. त्या दिवशी सगळी लेकुरवाळी परत देवळात जाणार. तू आलीस तर तूही जायचंस, ठमीशेजारी बसायचंस. तुला वेगळा नियम नाही आणि त्यांनाही नाही, असं मी नीराबाईला वचन दिलंय. तेव्हा आता ये. रावजीरावांना बरोबर घेऊन ये आणि खाडी शांत असेल तेव्हाच तरीत चढ. स्वयंपाकघर खरंच गळत होतं, ते शाकारून घेतलंय. रोपं पडवीत हलवलीयत.

नीराबाईने एक ठोंब लावू दिला नाही. म्हणाली, "ही शकूची गवर. ती आली की तिच्याच हातानं सासरी धाडायची." उघाडीजवळची ती एक जागा तात्पुरती चिखलाने लिंपून ठेवली आहे. ठोंब फुटक्या माठात माझ्या दाराशी आहे, मी त्याला रोज खाडीचं पाणी घालतो. माठात तो फार दिवस जगायचा नाही.

तुझी वाट बघत दारात उभे,
आबा