ओटीच्या दिवशीचं पाणी

१० नोव्हेंबर २०२४

सौ. जयाबाई विहीणबाई यांना मालुबाईचा नमस्कार.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. भुईमूग निघाला. नळाला अजून गढूळच येतं. गटाराशेजारची फुटकी पाइप उकरतात आणि तशीच बुजवतात. मी उकळून पिते. शाळा माझी दुसरीपर्यंतच, पण दवाखान्याच्या भिंतीवरचा कागद मला वाचता येतो.

भरमूअण्णा तुमचा निरोप घेऊन आले होते. म्हणाले, "थोरलीचं घर धाकटीनं सांभाळावं. सौरव उद्यमबागेतल्या कारखान्यात कायम झालाय. रचनाला तिथं काय कमी न्हाय." उठताना हेही म्हणाले, "जयाआक्कांचं मन लई मोठं. तुमच्या गावच्या पाण्यानं सून खाल्ली, तरी त्याच घरची पोरगी मागत्यात."

रूपालीच्या दिवसकार्यालाही तुम्ही चारचौघांत हेच बोललात. मी ऐकून घेतलं.

पाणी आमच्या गावचंच होतं, खरं आहे. पण ती बाळंतपणाला आल्यापासून मी तिला उकळल्याशिवाय थेंब दिला नव्हता. ओटीभरणाच्या दिवशीही पहाटे उठून दोन कळश्या उकळून झाकून ठेवल्या होत्या. तुम्ही विचारलंत, "हे कुणी भरलं?" रूपाली म्हणाली, "आईनं." तुम्ही दोन्ही कळश्या मोरीत ओतल्यात.

"ओटीच्या पानावर रांडमुंडीच्या हातचं पाणी? रचना, तू कुंवार हाईस, जा गं, नळाचं ताजं भरून आण."

मी आतल्या खोलीतून ओरडले, "विहीणबाई, ते पाणी नको तिला!"

तुम्ही म्हणालात, "पोरगी पोटुशी हाय का काचंची हाय?" बायका हसल्या. पहिला पेला तुम्ही स्वतः तिच्या तोंडाला लावलात.

बाकीच्यांची पोटं बिघडली, बरी झाली. तिला महिन्याभरात कावीळ झाली. बेळगावच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ही पाण्यातून येते, आणि पोटुशीला फार वाईट. शुद्धीत होती तोवर रूपाली तुमच्याबद्दल म्हणत होती, "आई, आत्तींना काय बोलू नको. त्यांना म्हाईत नव्हतं." मूल पोटातच गेलं, मग ती.

तिच्या शब्दाखातर मी गप्प राहिले असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. मी रचनासाठी गप्प आहे. नळाची ती घागर तिनं आणली होती. ताईला गावातली साथ लागली, एवढंच तिला माहीत आहे.

आता ती म्हणते, "ताईच्या जागी मी जाते आई, दाजी एकटे पडलेत." मी नको म्हटलं तर ती कारण विचारेल. कारण सांगितलं तर ती पोर जगेल कशी? म्हणून नकार तुमच्याकडून आला पाहिजे. पोरगी काळी आहे म्हणा, पत्रिका जुळत नाही म्हणा, आई हलकट आहे म्हणा. चार दिवस रडेल. रडू दे.

सौरवला मी अजून काही सांगितलेलं नाही. तो तुम्हाला आई म्हणतो. पुढेही म्हणावं असं वाटत असेल तर येत्या रविवारच्या आत भरमूअण्णांना नकार घेऊन पाठवा. नाहीतर मी नंदगडला तुमच्या घरी येईन, आणि तुम्हाला समोर बसवून त्याला सगळं सांगेन.

तुम्हाला माफ करणारी गेली.

मागे राहिलेली,
मालुबाई