चौथं गाणं

८ मार्च, शनिवार
आपल्या सनीव्हेलच्या मराठी मंडळींचा रेगे म्युझिकचा अल्बम मी करणार. फायनल. जमैकातली जुनी पद्धत: ठेका सगळ्यांना एकच, गाणं ज्याचं त्याचं. ठेका 'वन ड्रॉप'. म्हणजे पहिली मात्रा रिकामी सोडायची, ठोका तिसरीवर. ड्रम्स अर्थात मी. रेखा म्हणाली, आधी गराज आवर. कलाकाराच्या बायकोनं असं बोलू नये.

१६ मार्च
रेकॉर्डिंग झालं. सहा जण गायले. शेवटी एकनाथकाका. रिटायर्ड डॉक्टर, वय ब्याऐंशी, दोन्ही कानांत मशीन. गाणं स्वतः लिहून आणलेलं: अमेरिकेतला पहिला हिवाळा, बर्फात रुतलेली गाडी, ढकलायला आलेली अनोळखी माणसं. पुढच्या आठवड्यात ते कायमचे मुलीकडे ॲन आर्बरला चाललेत. निघताना म्हणाले, "चारू, मला कुणी गायला बोलावेल असं वाटलं नव्हतं रे."

२३ मार्च
काका तालात नाहीत. प्रत्येक ओळीआधी उगाच थांबतात. अल्बमची लेव्हल सांभाळायला हवी. शेवटी त्यांचं गाणं मीच गायलो. त्यांच्या भल्यासाठीच. उद्या फोन करून सांगतो.

२४ मार्च
नाही केला. त्यांचं पॅकिंग चालू असणार. डिस्टर्ब कशाला करा.

२९ मार्च
काका पोचले. त्यांचे तीन मिस्ड कॉल. व्हॉइसमेलवर म्हणतात, "सावकाश कर, घाई नाही." घाई नाही म्हणजे पुढच्या वीकेंडला सांगितलं तरी चालेल.
छातीत जळजळतंय. कॉफी कमी करायला हवी.

६ एप्रिल
रेखाला सांगून टाकलं. तिनं भाजी चिरणं थांबवलं. म्हणाली, "म्हातारा माणूस किती खूश होऊन गेला होता इथून." मी म्हणालो, शब्दांचं क्रेडिट देतोय की. ती परत भाजी चिरायला लागली. जरा जोरातच.

१९ एप्रिल
रिलीज! गायकांची नावं मुद्दाम लिहिली नाहीत. टीम स्पिरिट. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. ग्रुपमध्ये काका अजून आहेत हे नंतर लक्षात आलं. डिलीट करेपर्यंत त्यांचा अंगठा आलासुद्धा.

२० एप्रिल, सकाळी ९.३०
काकांचा फोन. रेखा समोरच बसली होती, म्हणून उचलला. सगळं सांगायचं असं ठरवूनच उचलला.
काका म्हणाले, काल लेक, जावई, नातवंडं, सगळ्यांना बसवून अल्बम ऐकवला. पाच गाणी फार गोड झालीत. मग आवाज खाली आला. "चौथं माझं ना? शब्दांवरून ओळखलं. अरे, प्रत्येक ओळ ठेक्याच्या आधीच उचललीय मी. नातवंडं हसायला लागली. इतकी मेहनत केलीस आणि माझ्यापायी बिघडलं. माफ कर रे मला."
मी तोंड उघडलं. रेखा बघत होती.
"असू द्या काका," म्हणालो. "होतं असं."
"मोठ्या मनाचा आहेस," काका म्हणाले.
रेखा उठून आत गेली.

सकाळी १०.१५
गराजमध्ये जाऊन काकांचं रेकॉर्डिंग ऐकलं. पहिली मात्रा रिकामी, मग ओळ. शेवटपर्यंत एकदाही चुकलेले नाहीत.
दोनदा फोन हातात घेतला. तिकडे घड्याळ तीन तास पुढे, म्हणजे सव्वा वाजला. जेवत असतील.