सामान हलवायच्या आधी

तीर्थरूप आईस,
तुझ्या पायांवर माझं हे गरम डोकं.

मुकादमाशी झालेलं भांडण मिटलं, काळजी नको. बाबांचा खोकला थांबला का?

सोडतीत आपल्याला सरकारी घर लागलं, हे वाचून नाचलोच! मी इथे तसल्याच घरांच्या भिंती बांधतो. पलीकडचं अवाक्षर ऐकू येत नाही. आपल्या खोलीत मात्र मधल्या पत्र्याआडून शिंपीणकाकू ओरडायच्या, "अगं, भाजी करपली बघ!" आणि त्यांची धाकटी खुदकन हसायची. ते हसू ऐकत मी जेवायचो. इथे घास उतरत नाही.

त्यांना घर लागलं नाही म्हणतेस. मग आपलं सामान हलवायच्या आधी तिला माझ्यासाठी मागणी घाल. कॉलेज सोडून गवंडीकाम करतो, हेही सांग. काकू टोमणे मारतील, ऐकून घे. मी सुट्टी काढून बसलोय.

तुझाच,
तापट लेक