‘लघुपट’ या शब्दाचा वाक्यात उपयोग

आप्पा, परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, लघुपट आणि शॉर्ट फिल्म एकच की वेगळं?" आमच्या कॉलेजात मुलांनी मोबाइलवर केलेल्या फिल्मांची स्पर्धा आहे आणि पत्रिका मराठीत काढायची म्हणून त्यांना शब्द हवा होता. मी फळ्यावर लिहिलं. लघु म्हणजे लहान, थोडक्यातला. पट म्हणजे कापड, त्यावरून पडदा, आणि पुढं पडद्यावरचं चित्र. गोष्ट सांगणारा असो की माहिती देणारा, कमी वेळाचा असला की तो लघुपट. एकच आहे म्हटलं, फक्त बोलताना सगळे शॉर्ट फिल्म म्हणतात आणि लघुपट हा शब्द प्रमाणपत्रावर आणि पेपरात उरलाय. इथवर ठीक होतं. मग ती म्हणाली, "वाक्यात उपयोग करून सांगा की." आणि मला एक वाक्य सुचेना. तोंडाशी आली ती सगळी तुमची वाक्यं होती.

तुम्ही सरकारी प्रचाराच्या जीपवर प्रोजेक्टर चालवायचात. मे महिन्याच्या सुट्टीत एकदा मला आजऱ्याकडच्या एका गावात नेलं होतंत. देवळापुढं दोन बांबूंना पडदा बांधलाय, बायका पोती अंथरून बसल्यात, आणि तुम्ही माइकवर सांगताय, "मंडळी, आधी लघुपट, मग पिच्चर." लघुपट पाणी उकळून पिण्याबद्दलचा. तो सुरू झाला तशी निम्मी माणसं उठून अंधारात गेली, आणि शेजारचा म्हातारा मला म्हणाला, "लघुपट म्हंजे लघवीला जायाची सुट्टी, बाळ." घरी येऊन मी ते आईला हसत सांगितलं. तुम्ही जेवत होता. घास हातातच ठेवून म्हणालात, "लघु म्हंजे हलकं न्हवं. बुटका माणूस काय अर्धा माणूस असतोय व्हय? सांगायचं तेवढं सांगून थांबतोय त्यो लघुपट." मग तो घास तोंडात घातलात. मी पुन्हा कधी त्या शब्दाला हसले नाही.

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी, सकाळी चहाला बसलेले असताना तुमचा उजवा हात लुळा होऊन खाली पडला. दवाखान्यात शुद्धीवर आलात, आईकडं बघून काहीतरी मागायला तोंड उघडलंत आणि म्हणालात, "लघुपट." आम्हाला वाटलं, भ्रम झालाय. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, काय बोलायचंय तेही ठाऊक आहे, पण शब्द सापडत नाहीत. कधी कधी एखादाच शब्द शिल्लक राहतो. तोच का, ते सांगता येत नाही. पाणी लघुपट, पंखा लघुपट, दुखतंय तेही लघुपट. चुकीचं बाहेर पडलं हे तुम्हालाही कळायचं आणि तुम्ही डावा हात कॉटवर आपटायचात. मी मराठीची प्राध्यापक. मी चित्रांची कार्डं केली, ग्लास, उशी, गोळी. एका सकाळी तुम्ही ती सगळी खाली लोटून दिलीत आणि भिंतीकडं तोंड करून रडलात. आईनं असलं काही केलं नाही, ती नुसती ऐकायला शिकली. शेवट ओढला की पाणी, मध्येच तोडला की कूस बदलायची. "व्हय, व्हय, लावते पंखा. जरा दम धरा की," असं ती तुमच्याशी भांडायचीसुद्धा, आणि तुम्ही त्याच एका शब्दानं तिला उलट उत्तर द्यायचात. मी दारात उभी राहून बघायची. मला त्यातलं काही कळायचं नाही.

आणि नेमकी त्या दुपारी आई घरात नव्हती. कागलला भाचीच्या लग्नाला गेली होती, मीच तिला आग्रहानं पाठवलं होतं. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि बोलायला लागलात. लघुपट, लघुपट, लघुपट. मागणं नव्हतं ते. चढत होतं, उतरत होतं, मध्ये श्वास घ्यायला थांबत होतं, एखादं लांब वाक्य असावं तसं. मी पाणी दिलं, उशी वर केली, खिडकी उघडली. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सांगितलंत, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिले. मग तुम्हीच, माझी समजूत काढल्यासारखी, मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. आई पोचायच्या आत तुम्ही गेला होता.

ती लग्नातल्या साडीतच तुमच्या उशाशी बसली. "काय म्हणालं हे शेवटी?"

"लघुपट म्हणाले."

"ते हाय गं. पर कसं म्हणालं? म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. तिनं कान देऊन ऐकलं. "आसं न्हाय. नीट आठव." मी पुन्हा म्हटलं, आणखी एकदा म्हटलं. दर वेळी तो फक्त एक मराठी शब्द होत होता, शुद्ध उच्चाराचा. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. शेवटी मी म्हणाले, "तुला हाक मारत होते."

आईनं पदर तोंडाला लावला. आजही कोण पाव्हणं आलं की ती हे सांगते, आणि सांगताना तिचा चेहरा निवतो. त्या मुलीला उद्या कुठलंतरी वाक्य देईन. हा कागद मात्र घरात ठेवता येणार नाही, आई अजून चष्म्याशिवाय वाचते. तुम्ही हाक मारत होता, हे मी मनानंच रचून सांगितलं, आप्पा. मला काहीच कळलं नव्हतं.