नऊ तारखेची लाइन

१० जानेवारी, शुक्रवार

दादाराव जिवंत आहे. सकाळी नागपूरहून फोन आला.

एवढं लिहून पेन खाली ठेवला होता. पुन्हा उचलला.

काल दुपारी दोन चाळीसला मी फीडर, म्हणजे बगीच्यांकडची लाइन, चालू केला. ब्रेकर टाकला आणि तो तिथल्या तिथे पुन्हा बंद पडला — थाड! एकोणीस वर्षं सबस्टेशनवर ऑपरेटर आहे. झाडाची फांदी टेकली तर कसा आवाज, पाखरू चिकटलं तर कसा, कानाला कळतं. कालचा आवाज तसा नव्हता. दादाराव आमचा लाइनमन. तो त्या वेळी नत्थूजीच्या संत्र्याच्या बगीच्याजवळ खांबावर होता, तुटलेला जंपर, दोन तारा जोडणारा तुकडा, जोडत होता.

मी मिस कॉलवर लाइन दिली.

नियम असा नाही. लाइनमननं सबस्टेशनवर यायचं, रजिस्टरमध्ये सही करून परमिट घ्यायचं, मग खांबावर चढायचं. काम झालं की परत येऊन सही करायची, तेव्हा लाइन चालू. पण नत्थूजीचा बगीचा इथून नऊ किलोमीटर! सह्या करण्यातच दिवस जातो. म्हणून आमच्या दोघांची रीत वेगळी. दादाराव फोन करायचा, ‘रविंदर, लाइन बंद कर.’ मी बंद करायचो आणि रजिस्टरमध्ये एक ओळ रिकामी सोडायचो. काम झालं की पुन्हा फोन — ‘उतरलो गड्या. दे लाइन.’ संध्याकाळी येऊन तो रिकाम्या ओळीत सही ठोकायचा. पुढे पुढे तेवढंही बोलणं गळालं. नुसता मिस कॉल. एक रिंग आणि कट. एक रिंग म्हणजे दादाराव जमिनीवर आहे.

काल एक रिंग आली. कट झाली. आणि तो वर होता.

त्याचा फोन बटणांचा. शर्टाच्या खिशात. कमरेचा पट्टा ओढताना दाबला गेला असेल. शेवटचा लावलेला नंबर माझाच होता ना!

११ जानेवारी, शनिवार

दर शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाला जातो. आज गेलो नाही. कोणतं तोंड घेऊन जाऊ?

१२ जानेवारी, रविवार

ड्यूटीवर होतो. फोन थांबत नाही. लोकांनी महिनाभर झाडांचं पाणी तोडून ताण दिला, आता बहारासाठी पाणी सोडायची घाई. सगळ्यांना एकच वस्तू पाहिजे. ‘लाइन कवा येईन जी?’ ‘भाऊ, अर्धा घंटा त लाइन द्या!’ एकानं तर सुनावलं, ‘तुमी तिथी बसून लाइन खाऊन राहिले का?’

एकोणीस वर्षं हा शब्द ऐकतो. कधी टोचला नाही.

सुटी झाल्यावर बोरगाव फाट्यावर चहाला थांबलो. तिथेही तोच! दोन पोट्टे एकमेकांना ढोसत होते — ‘लाइन मारून राहिला का बे तिच्यावर?’ रेशनच्या दुकानातून ओरड — ‘लाइनीत लागा, लाइनीत!’ कंडक्टर एका म्हातारीला सांगत होता, ‘मावशी, रेल्वे लाइनच्या पल्याड उतरजो.’ चहावाले भैय्याजी मलाच विचारू लागले, ‘पोरीची बारावी ना यंदा? मंग कोणत्या लाइनले टाकता?’

चहा अर्धा ठेवून उठलो.

सहावीत गुरुजींनी फळ्यावर लिहून दिला होता हा शब्द. लाइन म्हणजे ओळ. दहा वेळा लिहून आणा, म्हणाले. मी लिहून नेला होता. एवढाच अर्थ असता तर बरं झालं असतं.

१३ जानेवारी, सोमवार

विभागाचे साहेब आले. दार लोटून घेतलं. रजिस्टर उघडलं. नऊ तारखेच्या पानावर ती ओळ रिकामीच आहे. दादारावची सही व्हायची होती तिथे.

साहेब मऊ बोलले, हिंदीत; इथे मध्य प्रदेशात दफ्तर हिंदीतच. ‘देखो भाई, एक लाइन ही तो लिखनी है.’ लिहायचं ते असं — फीडर आपोआप बंद पडला, परमिट कोणी मागितलं नाही, लाइनमन न विचारता खांबावर चढला. खाली माझी सही.

मी म्हटलं, साहेब, त्यानं फोन केला होता.

‘फोन का कोई रजिस्टर होता है क्या? तू ठेके पर है. एक दिन में बाहर हो जाएगा. वो पक्का है, उसका विभाग देख लेगा.’

विभाग काय पाहणार? चूक त्याची ठरली तर भरपाई नाही, पुढे बसून करायचं हलकं कामही नाही. हे साहेबांना माहीत आहे. मलाही माहीत आहे.

मला आठ दिवस दिले. ‘सोच ले.’

खरं लिहितो. तेव्हा मी ‘नाही’ म्हणालो नाही. ‘हो जी’ म्हणालो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. नत्थूजी तिळगूळ घेऊन आले. ‘घ्या, गोड बोला. तसे तुमी फोनवर काई गोड बोलत नाही!’ म्हणाले आणि हसता हसता गप्प झाले. खाटेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

‘पट्ट्याले लटकला होता जी. म्या खालून पाह्यलं.’

मी तिळगूळ ताटलीत ठेवला.

‘म्याच घाई लावली होती त्याले. आटप ना गा, झाडं तहानली, असा खालून बोंबलत होतो. तो वरून म्हणे, नत्थूजी, तुमीच चढा मंग! हासला बी. आन् मंग...’

बायकोनं, वंदनेनं, चहा आणला. कोणी घेतला नाही. बाहेर पोरं पतंग उडवत होती. एक पतंग आमच्याच गल्लीच्या तारांत अडकला. एक पोरगं लांब बांबू घेऊन धावलं. मी अंगात काहीतरी शिरल्यासारखा ओरडलो त्याच्यावर — ‘लाइन चालू हाय! हात लावशील त पाह्य!’ सगळी गल्ली माझ्याकडे पाहत राहिली.

१५ जानेवारी, बुधवार

जेवण जात नाही. पारायणाला बसलो, एकच पान तीनदा वाचलं.

१६ जानेवारी, गुरुवार

नागपूरला गेलो. सौंसरहून पहिल्या बसनं.

दवाखान्यात आधी चिठ्ठीसाठी लाइन, मग लिफ्टसाठी लाइन. वर दादाराव. उजवा हात कोपरापासून नाही. चादरीखाली तेवढीच जागा सपाट. मी खांबाजवळ उभं राहावं तसा खाटेजवळ उभा राहिलो. डाव्या हाताला हात लावायला वाकलो तर सिस्टर ओरडली, ‘अहो काका, त्या हाताला लाइन लावली आहे! सलाइन निघेल ती!’

दादारावनं मला पाहिलं. मग तोंड भिंतीकडे केलं.

तीस वर्षांचा दोस्त. एका शाळेत, एका टाटपट्टीवर बसलेले आम्ही. माझ्या लग्नात त्यानं खांबावरून आकडा टाकून मांडवात उजेड केला होता आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन तो आकडा काढला. ‘लाइनमन हाओ ना मी, चोर नाही!’

दादारावची बायको, जयवंता वहिनी, माझ्या मागे बाहेर आल्या. पदर तोंडाला लावून बोलत होत्या. ‘साहेब येऊन गेले. म्हनते, ह्यायनं परमिट घेतलंच नाही. तुमी त होते ना भाऊ तिथी? फोन केला होता का नाही ह्यायनं तुमाले?’

‘केला होता.’

‘मंग सांगा ना.’

‘सांगतो वहिनी.’

‘कवा?’

जिना उतरलो. चार मजले. लिफ्टची आठवणच झाली नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

वंदनेला सगळं सांगितलं. ती भाकर थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, ‘नोकरी गेल्यावर आपल्या गायत्रीच्या कॉलेजचं कसं?’

मला माहीत नाही म्हटलं.

तव्यावरची भाकर उलटली तिनं. ‘मले बी नाही माहीत. पन तुमी आठ दिवसांपासून घरात असे गरगर फिरून राहिले, का मले माह्याच घरात पाय ठेवाले जागा नाही. लिहून टाका काय ते.’

१८ जानेवारी, शनिवार

जामसांवलीला गेलो. गर्दी होती. दर्शनाच्या लाइनीत दोन तास उभा. डोकं बिघडलेल्यांना बरं करायला इथे आणतात; पुढे अशीच एक बाई, तिनं आपल्या तरण्या भावाचा हात धरलेला. तो सारखा वळून मला विचारत होता, ‘नंबर आला का?’ मी दर वेळी म्हणालो, ‘येतो.’ कोणी पुढे घुसत नव्हतं. वाटलं, हीच एक लाइन अशी आहे की इथे उभं राहण्याची मला भीती वाटत नाही.

इथे हनुमंत निजलेले आहेत. निजलेल्या देवापुढे मोठ्यानं बोलू नये असं लहानपणापासून वाटतं. मनातल्या मनातही हळूच बोललो. काही मागितलं नाही. झालेलं सांगितलं फक्त — फोन आला, बंद केली, रिंग आली, खात्री न करता चालू केली. चार वाक्यं. एवढं सोपं होतं! आठ दिवस काय करत होतो मी?

२० जानेवारी, सोमवार

लिहिलं.

नऊ तारखेच्या पानावर, त्याच रिकाम्या ओळीत. ‘लाइनमन दादाराव यांनी फोनवर लाइन बंद करायला सांगितली. मी लेखी परमिट न घेता बंद केली. त्यांच्या फोनवरून मिस कॉल आला. ते खाली उतरले की नाही हे न विचारता दोन चाळीसला मी चालू केली. अशीच आमची रीत होती. चूक माझी.’ एका ओळीत मावलं नाही. अक्षरं खालच्या ओळीवर उतरली, मग त्याच्याही खाली. हिंदीतही लिहून दिलं, नाहीतर म्हणतील समजलं नाही. सही केली, तारीख आजची घातली.

साहेबांनी वाचलं. ‘ये क्या लिख दिया तूने!’ रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, ‘मैंने एक लाइन कही थी.’

२२ जानेवारी, बुधवार

ठेकेदाराचा फोन. उद्यापासून येऊ नको. चौकशी संपेपर्यंत, म्हणाला. पुढचं मी समजलो.

चावी आणि टॉर्च देऊन आलो. पाणी प्यायचा पेला तिथेच राहिला.

२७ जानेवारी, सोमवार

नत्थूजींच्या बगीच्यात पाणी फिरवायला जातो. त्यांनीच बोलावलं. पहिल्या दिवशी म्हणाले, ‘आता कळंन तुमाले, इकडून वाट पाह्यनं काय असते ते!’ खरंच कळलं. आज सकाळपासून मोटर बंद. शेवटी मीच सबस्टेशनला फोन लावला आणि तोंडातून आपोआप निघालं, ‘लाइन कवा येईन जी?’ तिकडचा नवीन माणूस खेकसला. नत्थूजी पोट धरून हसले. मीही हसलो. नऊ तारखेनंतर पहिल्यांदा.

जंपर तुटला होता तो खांब इथून दिसतो. मी त्याच्याकडे पाठ करून काम करतो.

२९ जानेवारी, बुधवार

गायत्री अभ्यास करत होती. तिला विचारलं, डिक्शनरीत लाइनचे अर्थ किती दिलेत? तिनं बोट लावून मोजायला घेतले. ओळ. रेघ. तार. रांग. रूळ. सुरकुती. धंदा. घराणं. मासे धरायची दोरी सुद्धा! ‘बाबा, पान भरून आहे. एवढे कशाला पाहिजे तुम्हाला?’

काही नाही म्हटलं. माझा एक अर्थ त्यात नव्हता. एका माणसानं आपला जीव दुसऱ्याच्या हाती देऊन वर चढणं — त्यालाही आम्ही एवढंच म्हणायचो. लाइन बंद कर.

३० जानेवारी, गुरुवार

नत्थूजी नागपूरला जाऊन आले. चौकशीवाले साहेब दवाखान्यात आले होते. माझं लिहिलेलं दादारावला वाचून दाखवलं. त्याच्यावरचा ठपका निघाला. हलक्या कामाचंही होईल म्हणतात.

मी विचारलं, दादाराव काय म्हणाला?

‘काईच नाही. आयकलं आन् डोये मिटले.’

बरं झालं. त्याचं बरं झालं. हेच पाहिजे होतं ना मला? मग दिवसभर पाण्याचा दांड का फुटत राहिला माझ्या हातून? एकाच झाडाला तीनदा पाणी गेलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

जामसांवली. आज मागितलं. एकच. त्यानं एकदा शिवी तरी द्यावी.

३ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी बगीच्यात होतो. फोन वाजला. एक रिंग आणि कट. पाहिलं तर दादारावचं नाव. हातातलं फावडं सुटलं. खाली दांडात बसलो, पाण्यातच. मग मीच लावला.

‘डाव्या हातानं लावला बे,’ म्हणाला. ‘चारदा चुकला.’ मग थांबून — ‘उतरलो गड्या. दे लाइन.’

माझ्या हाती आता ब्रेकर नाही. तरी म्हटलं, देतो.