दिवाळीच्या आत

सर,

तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली, की तुमचं ऑफिस होतं ती जागाही मला पटकन ओळखू येत नाही. मागे लातूरला गेले तेव्हा तिथे मोबाइलचं दुकान होतं. मी नांदेडला असते, तुम्ही शिकवलेलंच काम करते, लोकांची आयकराची विवरणं भरते. आज सकाळी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते. रिफंड कधी येईल, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हणाले, "मला माहीत नाही." ते म्हणाले, "मॅडम, अंदाजे तरी?" मी म्हणाले, "अंदाजही सांगत नाही." ते फाइल घेऊन उठले. पलीकडच्या गल्लीतला एकजण तीन आठवड्यांत येईल म्हणून सांगतो म्हणे. ते गेले आणि मला शिरूर अनंतपाळचे गुरुजी आठवले. मग दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस नव्हता. ऑफिसातल्या माठातलं पाणी तुम्ही स्वतः ओतून द्यायचात, अर्धाच पेला, आणि येणारा तेवढ्यावर समाधान मानायचा. मी बी.कॉम. होऊन तुमच्याकडे लागले त्याला दोन वर्षं झाली होती. गुरुजी एसटीनं यायचे. कपाळावर विभूती, धोतरावर धूळ. "शरणार्थ, बाई" म्हणून बाकावर बसायचे. निवृत्त होताना त्यांना कित्येक वर्षांची थकबाकी एकदम मिळाली होती आणि तिच्यावर जास्तीचा कर कापला गेला होता. तो परत मिळायचा होता. आपण सगळं भरून दिलं होतं, पण जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात दप्तरं हलत होती आणि कर कापल्याचा त्यांचा दाखला त्या गठ्ठ्यांत कुठेतरी होता. तुम्ही त्यांना दर वेळी एकच सांगायचात, "गुरुजी, आपल्या बाजूचं काम झालंय. पुढचं माझ्या हातात नाही. आला की कळवतो." मला ते फार कोरडं वाटायचं.

एक दिवस तुम्ही बाहेर गेला होतात आणि गुरुजी आले. बसलेच नाहीत. "बाई, लई नाही विचारत. नुसतं सांगा, दिवाळीच्या आदी का नंतर?" मग हळूहळू कळलं. त्यांच्या मंडळींना काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्याचं ऑपरेशन लांबवू नका म्हणून सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. उदगीरचा पुतण्या पैसे द्यायला तयार होता. "पण मग जन्मभर ऐकावं लागतंय वो. आपलेच येणार असले तर कशाला हात पसरायचा?"

मी म्हणाले, "दिवाळीच्या आत येईल, गुरुजी. नक्की."

"हाव? मग पुतण्याला नको म्हणून कळवतो." त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मलाही बरं वाटलं. मी त्यांना माठातलं पाणी दिलं, पेला भरून.

दिवाळी गेली. संक्रांत गेली. गुरुजी दोनदा येऊन गेले, दुसऱ्या वेळी तर काही न विचारता नुसते बसून गेले. रिफंडचं पाकीट आलं ते उन्हाळा लागल्यावर, आपल्याच पत्त्यावर. तुम्ही म्हणालात, "आपण नेऊन देऊ."

गुरुजींच्या घरातलं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. मंडळी चुलीपुढे बसून भाकरी थापताहेत, नजर समोरच्या भिंतीवर. "कोण आलंय?" त्या विचारतात. "लातूरचे साहेब हायेत," गुरुजी म्हणतात. त्या हात पुसतात, फळीवर चाचपून कप शोधतात. कुणाला मदत करू देत नाहीत. चहा झाल्यावर गुरुजी म्हणाले, "दिवाळीला येतील म्हणून पुतण्याला नको म्हणलं. डॉक्टर म्हणले उशीर झाला. आता ऑपरेशन करून उपयोग न्हाई." तुम्ही हात जोडून म्हणालात, "गुरुजी, आमच्याकडून चूक झाली." ते म्हणाले, "तुमची कशाची, साहेब? तुम्ही तर कधी तारीखच दिली न्हाई." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाकीट न उघडता कोनाड्यात ठेवलं.

परतीच्या एसटीत तुम्ही दोघांची तिकिटं काढलीत. मग विचारलंत, "ताई, तारीख कुणी दिली?" मी म्हणाले, दिली मीच, पण आयकर ऑफिसातल्या तुमच्या ओळखीच्या कारकुनानं मला तसं सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "त्यानं सांगितलं म्हणून तुम्ही सांगायचं? माणसं आपल्या शब्दावर घरातले निर्णय घेतात." आवाज चढला नव्हता.

तो कारकून तुमचा मित्र होता. दर शनिवारी तुम्ही दोघं चहाला जायचात. ते बंद झालं. एकदा तो ऑफिसात येऊन म्हणाला, "साहेब, माझं काही चुकलं का?" तुम्ही "काही नाही" म्हणालात आणि फाइलीत मान घातलीत. मी टाइपरायटरवर बसले होते. मी टाइप करत राहिले. पुढे त्याची बदली झाली, आणि तुमच्या अंत्यविधीला आलेल्या माणसांत तो मला दिसला नाही.

सर, त्यानं मला काहीच सांगितलं नव्हतं. मी त्याला त्याबद्दल कधी विचारलंसुद्धा नव्हतं. दिवाळी मी माझ्या मनानं सांगितली, गुरुजींचा चेहरा बघवेना म्हणून.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते लिहायला बसतानाच ठाऊक होतं. तो कारकून मात्र अजून आहे. इथेच, नांदेडला, मुलीकडे राहतो. मागच्या महिन्यात भाजीबाजारात समोरून आला, काठी टेकत. त्यानं मला ओळखलं नाही. मी वाट बदलली. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, म्हणून तुम्हाला लिहिलं.