कुंड्यांवरचे आकडे

प्रिय आई, तुला नमस्कार.

कुणाची फजिती होणार हे ठाऊक असताना दोन घास जास्त जाणं चांगलं की वाईट? मला ठरवता येत नाही.

माझी तब्येत छान आहे. तुझा गुडघा कसा आहे? बाबा औषध घेतात ना?

पाणी तुटलं की भाताच्या पेशीतलं एक एन्झाइम तिथली चरबी कापतं आणि रोपाला धोका कळतो, हे तुला सांगितलं होतं. निम्म्या रोपांत मी त्या एन्झाइमचं जनुक वाढवलं आणि मग सगळ्याच रोपांचं पाणी तोडलं. मोजताना माझं मन झुकू नये म्हणून कुंड्यांवर नुसते आकडे घातले. कुठल्या आकड्यात काय, ते फक्त माझ्या वहीत.

आमच्या प्रयोगशाळेतल्या सीनियरने माझे फोटो आणि मोजणी स्वतःच्या नावावर उचलली. विचारलं तर म्हणाला, "ताई, तू पाणी घालणारी. डोकं आमचं." आठ महिने राबले गं मी!

जगलेली रोपं म्हणजे जनुक वाढवलेली, असं त्याने धरलं. खरं तर जनुक वाढवलेलीच आधी वाळली. धोक्याची ओरड जास्त झाली की रोपही खचतं. त्याला सावध करता आलं असतं. नाही केलं.

आज भर सभेत तो म्हणाला, "एकेक कुंडी मी स्वतः लावली." सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. मग उठले आणि कुठल्या आकड्यात काय ते लिहिलेलं वहीतलं पान सगळ्यांसमोर प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमच्या हातात दिलं.

तुझी,
घरातली पहिली पदवीवाली